झाकलेले पाय

खांदा कॉलनी, नवीन पनवेल

प्रिय मितेश,

तुझ्या प्रतिष्ठानच्या यंदाच्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका मिळाली. सख्ख्या बहिणीला कुरिअरने, तीही 'श्रीमती निशा पाटील व परिवार' अशी. म्हटलं, चला, आईच्या निमित्ताने का होईना, आम्ही मान्यवरांत जाऊन बसलो. पत्रिका गुळगुळीत आहे, आईचा फोटोही छान आहे. खाली 'विशेष कलाकारांची माऊली, कै. कुमुद दिनानाथ घरत' असं छापलंय. आई असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. तिने सांभाळलेला विशेष कलाकार एकच, आपला केतन, आणि त्यालाही ती विशेष वगैरे कधी म्हणाली नाही. 'माजा केतू जरा सावकाश हाय, बाकी काय नाय,' एवढंच म्हणायची.

चाळिशीला आला तरी केतनचं बोलणं चार शब्दांत भागतं, हे तुला सांगायला नको. बाकीचं तो रंगवून सांगतो. त्याची सुरुवात कुठे झाली, हे मात्र तुला ठाऊक नसेल. आई मिठागरात कामाला जायची तेव्हा त्याला बांधावर बसवून हातात काटकी द्यायची, आणि हा चिखलात तिलाच काढत बसायचा. डोक्यावर मिठाची टोपली, गुडघ्यावर खोचलेलं लुगडं. तू तेव्हा शाळेसाठी पनवेलला मामाकडे होतास. तुला भेटायला यायची ती आई निराळीच होती रे. आदल्या संध्याकाळी पाय दगडाने घासायची, खोबरेल चोळायची, आणि पाचवारी साडी पार टाचांपर्यंत सोडून नेसायची. मी एकदा विचारलं, एवढा थाट कशाला? तर म्हणाली, 'शालंतली पोरा बगतात. मितूला बरा नाय वाटत.' तू लहान होतास. त्यावरून मी तुला कधी बोलले नाही, आजही बोलत नाही.

गेल्या साली वर्षश्राद्ध झाल्यावर तू या प्रदर्शनाचा घाट घातलास, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आई जिथे राबली ती आगरं गेली, द्रोणागिरीला तुझी गोदामं उभी राहिली; त्यातलं थोडं केतनसारख्यांच्या रंगांसाठी जावं, यात वाईट काय? त्या मुलांच्या आया चित्रांशेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या, एकीचे तर डोळे पुसून होईनात. ते काही खोटं नव्हतं. पाहुणे उशिरा आले, मुलं सकाळपासून वडापाववर ताटकळली, चित्रं सोफ्यांच्या मागे गेली आणि तुझा बॅनर पुढे आला, हेही मी सोडून दिलं. लग्न असो की सत्कार, आपल्याकडे मांडवच मोठा लागतो.

पण केतनचं चित्र मी सोडून देऊ शकत नाही. सगळा पावसाळा त्याने त्या प्लायवर घालवला होता. आई तशीच, टोपली घेतलेली, लुगडं खोचलेलं, आणि गुडघ्याखाली पायांवर पांढरे डाग. तुझ्या कुणा पाहुण्याने ते बघून विचारलं, 'आईंना कोड होतं का?' झालं! तू बॅनरवाल्या पेंटरला बोलावून आईला टाचेपर्यंत हिरवीगार साडी नेसवलीस, वर जरीचा काठ. मी आले तेव्हा म्हणालास, 'ताई, आता कसं डिसेंट दिसतंय ना?' मी सांगायला तोंड उघडलं तर 'प्लीज ताई, आता नको' म्हणून स्टेजवर निघून गेलास.

आता ऐक. ते कोड नव्हतं, मितेश. ते मीठ होतं. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की पाय वाळल्यावर त्यांच्यावर पांढरं धरतं, भेगांत शिरतं आणि रात्रभर झोंबतं. आगऱ्याच्या पोराला हे कुणी सांगावं लागावं! खाल्ल्या मिठाला जागणं राहू दे, तुला ते ओळखूसुद्धा आलं नाही. येणार कसं म्हणा, तिनेच ते घासून तुझ्यापासून लपवलं होतं. ज्याच्यापुढे तिला काही झाकावं लागलं नाही असा एक केतनच होता, आणि तू त्याचंच चित्र झाकलंस.

तू त्याला शाल पांघरलीस, नारळ दिलास. तेवढ्यात त्याने वळून चित्राकडे पाहिलं, आठवतंय? जवळ जाऊन त्याने साडीच्या काठावर बोट घासलं. रंग ओला होता, बोट हिरवं झालं. निवेदन करणारी बाई म्हणाली, 'बघा, कलाकार आपल्या कलाकृतीला स्पर्श करतोय,' आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. मला त्या टाळ्यांची आजही चीड येते.

त्यानंतर कितीतरी महिने त्याने कुंचला हातात धरला नाही. होळीनंतर पुन्हा रंगवायला बसला तेव्हा मी हरखले, शेजारीपाजारी पेढे द्यायची बाकी राहिले. मग पाहिलं तर तो आईलाच काढत होता. आधी पाय काढले, त्यावर एकेक करून मिठाचे डाग दिले, जीव लावून. आणि सगळं झाल्यावर हिरवा रंग घेऊन टाचेपर्यंत झाकून टाकले. दर वेळी असंच करतो. परवा त्याने मला काढलं, ओट्याशी उभी, गाऊनमध्ये. माझेही पाय काढले आणि झाकले. मी विचारलं, केतू, असं का करतोस रे? मान वर न करता म्हणाला, 'मितूला बरा नाय वाटत.'

येत्या रविवारी 'पहिला मानकरी' म्हणून त्याला न्यायला गाडी पाठवतोयस, असं तुझ्या हेतलने फोनवर सांगितलं. तो येणार नाही. गाडी पाठवायचीच असेल तर प्रदर्शनानंतर तू ऑफिसात टांगलेलं आईचं ते चित्र तिच्यात घालून पाठव. हे पत्र तेवढं मागण्यासाठीच लिहिलं. तो हिरवा रंग मी खरवडून बघणार आहे. खालचे पाय शाबूत निघतील की रंगाबरोबर तेही जातील, मला माहीत नाही. निघाले तर केतनला दाखवायचे आहेत. तूही ये. तू ते कधी पाहिलेच नाहीस.

एवढं बोलूनही तुझीच,
निशाताई