कर्ता नसलेली वाक्यं

३ जाने.
ऑफिसातून आले ती थेट स्पॅनिशच्या क्लासला. क्लास म्हणजे मोबाइल, पिठाच्या डब्याला टेकवलेला. आमचे टॉवेल घेणारी नवी पार्टी मेक्सिकोची. साहेब म्हणाले, "रेखाताई, ईमेल मशीन लिहून देतं. फोनवर चार वाक्यं माणसानंच बोलायला पाहिजेत." पन्नाशीला टेकले आणि पुन्हा बाराखडी. मजा येतेय.
आज सर्वनामं. यो म्हणजे मी. एल तो, एया ती. आणि तू म्हणजे चक्क तू! उच्चारही तोच. मान द्यायचा असेल तर उस्तेद. मॅडम म्हणाल्या, "पण बहुतेक वेळा यातलं काहीच बोलायचं नसतं. क्रियापदाचं शेपूट सगळं सांगतं." आपल्यासारखंच की. 'निघते' म्हटलं की मी आलेच त्यात.

५ जाने.
शेपूट डोक्यातून जाईना. म्हणून दिवसभर दत्तात्रयांचं आणि माझं बोलणं कान देऊन ऐकलं.
द.: "चहा टाकायचा का?"
मी: "चालेल. येताना कोथिंबीर आणायची."
द.: "बघतो दुकान बंद करून."
लग्नाला चार महिने झाले. मी दत्तात्रयांना ना तू म्हटलंय, ना तुम्ही, ना अहो. त्यांनीही मला नाही. कर्ता गायब, आणि शेपूटसुद्धा! टाकायचा, आणायची, जायचंय का. ठरवून कुणीच केलं नाही. आज दिसलं.
'अहो' मी एका माणसाला वीस वर्षं म्हटलं. तो गेला. आता दुसऱ्याला ते… आणि द. आपल्या पहिल्या बायकोला नावानं हाक मारायचे, तू म्हणायचे. तिला जाऊनही बरीच वर्षं झाली. पण ते तू तिचंच असणार.

८ जाने.
मॅडमना विचारलं, समोरच्याला चहा हवा का, हे तू-तुम्ही टाळून कसं विचारायचं?
"नुसतं 'चहा?' म्हणा. पण वाक्य केलंत की ठरवावं लागतं. किएरेस म्हटलं की तू. किएरे म्हटलं की उस्तेद. का हो?"
"सहज."

११ जाने.
फजिती. भाकरी थापत मोठ्यानं पाठ करत होते. यो आब्लो, तू आब्लास. मी बोलते, तू बोलतोस. द. नव्या पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानातून आले ते दारातच उभे. हातांना अजून शिलाई मशीनचं तेल.
"काय?"
"ते स्पॅनिश आहे."
"आसं व्हय."
हात धुतले. जेवायला बसल्यावर, ताटात बघत, "तितं नवरा-बायको काय म्हणत्यात एकमेकांस्नी?"
"तू."
"बायको बी?"
"दोघंही."
चटणी कालवली, तेल जास्त झालं, आणखी चटणी घेतली. मग म्हणाले, "लई सोपं हाय की मग."
केम गावचे आहेत. शहरात इतकी वर्षं काढली, पण बोलणं केमचंच. मला आवडतं. हेही अजून सांगितलेलं नाही.

१४ जाने.
स्वाती आली, द.ची मुलगी, पुण्याहून. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा. मला तुम्ही म्हणते. पुढे काकू नाही, आई नाही, काही नाही. तिनं तरी काय म्हणावं. वाकून नमस्कार केला, तिळगूळ दिला. चांगली पोरगी आहे.
संध्याकाळी म्हणाली, "आम्ही दरवर्षी आजच गड्ड्याच्या जत्रेला जातो. पप्पा आणि मी. आधी आईपण असायची."
मी म्हटलं, जाऊन या, माझा क्लास आहे. क्लास नव्हता.
द. चपला घालत होते. मान वर न करता म्हणाले, "आमी न्हाय, स्वाती. आपण."
एवढंच. मी साडी बदलायला आत गेले तर पिना सापडेनात. डबी हातातच होती.
तिघं गेलो. गर्दी मरणाची. भज्यांची प्लेट स्वातीनं आधी माझ्यापुढे केली. मुद्दाम, की मी जवळ होते म्हणून, कळलं नाही.

१७ जाने.
आपण आणि आम्ही, स्पॅनिशमध्ये?
मॅडम: "दोन्हीला एकच. नोसोत्रोस."
म्हणजे तिथं स्वातीचं 'आम्ही' मला लागलंच नसतं. आणि द.ना दुरुस्तही करता आलं नसतं.
सगळ्या बायकाच असतील तर नोसोत्रास. एक पुरुष आला की पुन्हा नोसोत्रोस. स्वाती आणि मी, दोघीच, नोसोत्रास. वाक्य करायचं होतं, क्रियापद सुचेना. काय करतो आम्ही दोघी मिळून?
परवा जाताना "येते" म्हणाली. कुणाला म्हणाली, ते शेपटात नसतं.

२५ जाने.
तोंडी परीक्षा. घरच्या माणसाशी बोलून दाखवायचं. भीत भीत विचारलं. द. तयार! दुकानात मशीनची चाकं फिरवत पाठ केलं म्हणे. इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर माझ्याशेजारी बसले.
"तू किएरेस ते?" तुला चहा हवा का.
मॅडम म्हणाल्या, "वा! फक्त सुरुवातीचा तू नको. किएरेसमध्ये तो आलाच. मुद्दाम जोर द्यायचा असेल तरच."
"ठाव हाय," द. म्हणाले. "ऱ्हाऊ द्या की. मला म्हणायचंय ते."
मॅडम हसल्या. मी नाही. सी, ग्रासियास म्हटलं, हो, धन्यवाद. आता उलट त्यांना विचारायचं होतं. दोनच शब्द, त्यात क्रियापदच नाही. शेपूट नाही, लपायला जागा नाही.
"ई तू?" आणि तू?
त्यांच्याकडे बघून मी म्हणाले. पास झाले.
रात्री दोघंही एकदम कमी बोललो. मराठीत.

२६ जाने.
सकाळी मी भाजी निवडत, द. गॅसपाशी, पाठमोरे.
"चहा घे—"
आणि कुकरची शिट्टी. घेणार? घेतेस? घेता?
"हो," म्हटलं.
दोन्ही कप घेऊन आले, समोर बसले, पेपर उघडला नाही. कान लाल दिसले. मला वाटलं असेल. काय म्हटलं मघाशी, असं विचारता आलं असतं. त्यात कर्ता लागत नाही. म्हणूनच नाही विचारलं.
उद्या कुकर चहानंतर लावणार.