अंगावर एकच वस्त्र

मी, सगुणाबाई धुळाजी कोळपे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार निमोणे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, आणि कोणी गोड बोलून पेनही हातात दिलेले नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही, तोवर शांत बसून राहा. शांत बसणे मला जन्मात जमले नाही. बसायचेच तर हाताला काम हवे, म्हणून हे काम काढले. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता, पण त्यात मोकळ्या जागा फार कमी होत्या. खाडाखोड होईल. ती तशीच ठेवावी, प्रत्येक ठिकाणी मी सही करीन.

कलम १. निमोण्याचे घर आणि माझ्या नावावरची जमीन मुलगा सुरज याला. याबद्दल घरात दुमत नाही. सुरज कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, फक्त कपड्यांबाबत बापावर गेला आहे. "आई, आता या वयात साधं राहावं मान्सानं," असे तो मला दर दिवाळीला सांगतो. साधे म्हणजे कसे, हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या मनात बहुधा मळकट असे असावे.

कलम २. पोस्टातली ठेव सून प्रतिभा हिला, तिच्या एकटीच्या नावाने. अट एकच. तिने वर्षाला एक साडी घ्यावी, पण चांगली घ्यावी आणि ती कोणी विणली हे दुकानदाराला तोंडाने विचारावे. तो सांगू शकला नाही तर दुकानातून उठावे. पहिल्यांदा लाज वाटेल. मलाही वाटली होती.

कलम ३. शिरूरला स्टँडमागच्या गल्लीतला गाळा, दोन्ही मशिनी, कापायचे टेबल आणि मोठा आरसा नात अंकिता हिला. अंकिता रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसला आहे. तिला आधी मोबाईलवरून कपडे मागवायचा नाद होता. पार्सल यायचे, घालून आरशात बघायची, परत पाठवायची. एकदा मी सहज विचारले, परत गेलेल्या कापडाचे पुढे काय करतात गं? तिने मोबाईलवरच शोधले, बरेचसे फेकतात नाहीतर जाळतात असे निघाले, आणि त्या संध्याकाळी ती नीट जेवली नाही. तेव्हापासून रविवारी गाळ्यावर येते, जुन्या लुगड्याचे कुडते शिवते, आणि ते घालून कंपनीत गेली की मुली विचारतात, कुठून घेतलास. मी करते त्याला इंग्रजीत मोठे नाव आहे म्हणे. मला ते नाव दोनदा सांगून झाले, राहिले नाही.

(इथे उठले होते. मशीनला तेल दिले, दोरीवरचे कपडे उलटे केले, परत बसले.)

कलम ३ ची दुरुस्ती. गाळा अंकिताला, पण शितलला वगळून नाही. शितल माझ्याकडे शिवायला येण्याआधी एका शेडमध्ये रेडिमेड शर्टाच्या बाह्या जोडायची. दिवसभर फक्त डावी बाही. लघवीला जायचे तर सुपरवायझरला हात वर करून विचारायचे. अख्खा शर्ट कसा दिसतो हे तिने माझ्याकडे आल्यावर पाहिले. म्हणून तिला अंकिताने भागीदार म्हणून ठेवावे, कामाला म्हणून नाही. पाटीवर दोघींची नावे सारख्या अक्षरात लिहावीत.

समोरच्या रेडिमेडवाल्याला माझ्या गाळ्यातली टाचणीसुद्धा देऊ नये. त्याने गिऱ्हाइकांना सांगितले होते की सगुणाबाई मेलेल्यांचे कपडे शिवून विकते. खरे आहे, काही कपडे मेलेल्यांचेच असतात. केंदूरच्या एका मुलीने तिच्या आईचे जरीकाठी लुगडे आणले होते. मी त्याचा लांब कोट करून दिला, आतून मऊ अस्तर लावून. तो घालून ती माझ्या आरशासमोर किती वेळ उभी होती हे रेडिमेडवाल्याने समोरून पाहिले आहे. तरी तो बोलला.

कलम ४. माझे कपाट. लोक म्हणतात, म्हातारी नटते. नटते. मी दौंडकडच्या राहू गावी, मेंढरामागे हिंडणाऱ्या घरात जन्मले. आईकडे दोनच लुगडी, एक अंगावर आणि एक वाळत. पण ते वाळत टाकतानासुद्धा ती सुरकुती मोडायची, काठ ओढायची, आणि वाड्यावरच्या, म्हणजे मेंढरांच्या तळावरच्या, बाया मान वळवून तिच्याकडे बघायच्या. झोकात राहायला खूप कपडे लागतात हे मला तेव्हापासून खोटे वाटते. माझ्या कपाटात जे आहे ते अंकिता आणि प्रतिभाने वाटून घ्यावे. घोंगडीच्या तुकड्यांचे जाकीट अंकिताला, खांदे तिलाच बसतात. जे नेसले जाणार नाही ते ठेवून घेऊ नये, नेसणारीला द्यावे. कपाटात आठवण म्हणून ठेवलेले कापड कसरीला जाते.

कलम ५. माझा देह. हे कलम मी सगळ्यात आधी लिहायला घेतले होते आणि दोनदा कागद फाडला.

आमच्याकडे बाई गेली की येणारा प्रत्येक सोयरा तिच्या अंगावर घालायला साडी आणतो. माहेरची साडी आधी, मग बाकीच्या. दुकानात त्यासाठी वेगळा गठ्ठाच असतो, हलका, झगमगीत, कोणी कधी नेसणार नाही असा. माझी जाऊ अनसाबाई गेली तेव्हा मी घोडनदीच्या काठी शेवटपर्यंत उभी होते. तिच्यावर इतक्या साड्या पडल्या होत्या की ती दिसत नव्हती. सरण पेटले आणि ते नायलॉन जळेना, वितळायला लागले. लाकडावरून काळे थेंब गळत होते, वास नाकात बसला. अनसाबाई जन्मभर सुती नेसली. तिला तिच्या कपड्यात जाता आले नाही, याचा मला आजही राग येतो.

म्हणून लिहिते. माझ्या अंगावर एकच वस्त्र घालावे. ~~सुती, हातमागाचे, निदान एकदा धुतलेले.~~ (खोडले. कारण कलम ८. सही: स. धु. कोळपे) दुसरे काही टाकू नये. दहाव्याला कोणी कोणाला साडी, टॉवेल, टोपी देऊ नये.

(वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, घराचं, गाळ्याचं तुम्ही लिहाल तसं होईल. देहाचं कलम कायद्यानं कोणाला बांधत नाही. घरचे त्या वेळी करतील तेच." म्हणजे मी गाळ्याची मालकीण, देहाची नाही. फोन ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. डॉक्टरांना सांगू नये.)

घरचे काय करतील ते मी सुरजला समोर बसवून विचारले. त्याचे उत्तर जसेच्या तसे लिहिते, म्हणजे पुढे तो नाकबूल होणार नाही.

"आई, लोक काय रिकाम्या हातानं येत्याल व्हय? आन् आणलेली साडी मी कशी परत करू? मयताच्या दारात? तू एकदा परत केलीस, तवा काय झालं ते बघितलंस की."

"मंग कोण थांबवंल?" मी विचारले.

"मामा. माहेरचा मानूस म्हनला ना, एकच वस्त्र, तर पुढं कोनाची टाप न्हाई. पन मामा येनारच न्हाई तर कोन म्हननार?"

सुरज खरे बोलला. म्हणून पुढचे कलम लिहावे लागते.

कलम ६. माझा धाकटा भाऊ तात्याबा, राहणार राहू, तालुका दौंड, याला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. विसरले म्हणून नव्हे.

त्याच्या मुलाचे, सार्थकचे, लग्न दौंडच्या मंगल कार्यालयात झाले. मी आत्या, मला मानाची साडी. भावजय वच्छलाने ताटातून साडी पुढे केली. तसल्याच शंभर साड्या बाजूला पेटीत रचल्या होत्या, तोच गठ्ठा, तोच झगमगाट. त्या साड्या कोणी नेसत नाही. या लग्नातून त्या लग्नात घड्या न मोडता फिरतात, आणि फिरून फिरून शेवटी कोणाच्या तरी सरणावर जातात. मला तिथे अनसाबाई दिसली. मी साडी कुंकवासकट परत ताटात ठेवली आणि म्हणाले, "वच्छला, मला नुसता नारळ दे, चालंल. हे नको." मी हळू म्हणाले होते. पण मंडपात माईक चालू होता.

तात्याबा उठून आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "अक्का, तू झ्याक नेसतीस, आमाला ठावं हाय. पन माझ्या दारचा मान तू परत केलास. आता माझ्या दारात येऊ नगंस, आन् मी तुझ्या येनार न्हाई." तेव्हापासून भाऊबीज बंद आहे. मी बोलले त्यात चूक होती असे मला आजही वाटत नाही. तरी भाऊबीजेला मी गाळा उघडत नाही, कारण हातून कापड वाकडे कापले जाते.

आणि आता हे असे झाले आहे. ज्याची साडी मी परत केली त्याच्याच साडीशिवाय मला नीट जाता येत नाही. रात्र झाली की हेच डोक्यात फिरते, ऑपरेशनचे नाव नाही. कात्रीखाली मरण आले तर येवो. पण अनसाबाईसारखे झाकून जाणे मला सोसत नाही, आणि ते थांबवणे माझ्या हातात नाही.

कलम ७. व्यवस्थापक म्हणून अंकिताला नेमते. तिने कात्र्यांना धार लावून घ्यावी आणि त्या कात्र्यांनी कागद कापू नये. बोलण्यासारखे आणखी बरेच आहे, पण सुचत नाही. साक्षीदारांची वाट पाहते आहे.

कलम ८. हे कलम दुसऱ्या दिवशी, गाळ्यात बसून लिहिते.

अंकिताने मला न विचारता कलम ५ आणि ६ चा फोटो काढून मामा-आजोबांना मोबाईलवर पाठवला. मी तिला रागावणार होते. पण सकाळी शटर वर करते तो पायरीवर तात्याबा. केस सगळे पांढरे झाले आहेत. सदरा धुतलेला, इस्त्री नाही, कॉलर विरलेली. गिऱ्हाइकाच्या बाकावर बसला. पाणी दिले, ते घेतले.

"वाचलं," म्हणाला.

मी त्याच्या हातातला पेला घेतला.

"काय बी ठेवलं न्हाईस मला."

"न्हाई."

"बरं केलं." त्याने विरलेली कॉलर सारखी केली. "अक्का, येक सांगू? त्या दिवशी मी जे आणीन, ते तुला परत करता यायचं न्हाई."

हे त्याने टोचून म्हटले असते तर मला उत्तर देता आले असते. त्याने ते टोचून म्हटले नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते मी जाकिटाच्या बाहीला पुसले, जे मी कोणाला करू देत नाही.

"येशील तू?" मी विचारले.

"न येऊन कुठं जातो. पन कसलं आनू ते सांग. तुझं लई असतं. सुती का रेशमी, कुनी विनलं, रंग कशाचा. मला त्यातलं काय कळत न्हाई. वच्छलानं सांगितलं गठ्ठा घ्या, मी गठ्ठा घेतला. येवढंच मला ठावं."

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, हे घ्या, हे घेऊ नका. सुरजला, प्रतिभाला, गिऱ्हाइकांना, परक्या दुकानातल्या पोरींना. कलम ५ मध्येही सांगितलेच होते. आणि माझा भाऊ समोर बसून पहिल्यांदा विचारत होता, तर माझ्याने सांगवेना.

"तुझ्या मनानं आण," मी म्हणाले. "फकस्त गठ्ठ्यातलं नको. येकच घे, आन् हातात धरून, माझ्यासाठी म्हणून घे."

"आन् ते पालिस्टर निघालं तर?"

"तर पालिस्टर नेसून जाईन."

तो म्हणाला, "बाकीच्यांचं मी बघतो. माझ्या साडीवर कुनाला टाकू द्यायचा न्हाई."

तरी कलम ५ मधील खोडलेले शब्द मी स्वखुशीने रद्द केले आहेत. वस्त्र एकच, आणि ते माझा भाऊ तात्याबा आणील ते. ते कसले असावे याबद्दल माझी कोणतीही अट नाही, आणि घरातल्या कोणी त्याला नाव ठेवू नये.

वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उगाच शंका नको. तात्याबाला काहीच मिळत नाही, म्हणून त्याला सही करता येते. त्याने केली. दुसरी सही शेजारच्या मेडिकलमधल्या मोनालीने केली. दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर.

सही झाली तरी तात्याबा निघालेला नाही. दोरीवरच्या लुगड्याचा पदर त्याने चिमटीत धरला आहे आणि अंकिताला विचारतो आहे, "ह्ये सुती हाय ते वळखायचं कसं गं?" ती त्याला एक धागा ओढून दाखवते आहे. त्यांचे चालू द्यावे म्हणून मी इथे थांबते.

लिहून ठेवणार: सगुणाबाई धुळाजी कोळपे (सही)

साक्षीदार:
१. तात्याबा, लिहून ठेवणारीचा सख्खा भाऊ, राहणार राहू, ता. दौंड (सही)
२. मोनाली, मेडिकल स्टोअर, स्टँडमागची गल्ली, शिरूर (सही)

ठिकाण: शिरूर, जि. पुणे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५