बोंबलांची बेगमी

२ मे १९८३, सोमवार
आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. ठराव एकमताने पास. मत एकच होतं, माझं. मिलचा संप सुरू होऊन सोळा महिने झाले. बायको, सुलक्षणा, अंधेरीला कंपनीत रेडिओच्या वायरी जोडते, मग घर कोण बघणार? मी म्हटलं, मी बघतो. मिलच्या फोल्डिंग खात्यात अकरा वर्षं काढलीत, तीन माणसांचं जेवण म्हणजे काय! ती म्हणाली, बरं.
आमच्या जयाला शाळेच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली आहे. वय नऊ, वजन साडेएकोणीस किलो. रोज एक अंडं द्या. जूनमध्ये परत वजन करणार, तेव्हा एकवीस तरी पाहिजे. नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं. अंड्यांचे पैसे सुलक्षणाने बरणीत काढून ठेवलेत. बरणीही माझ्या ताब्यात.

५ मे
भात लागला. स्टोचा दोष. वरचा कच्चा, खालचा करपला, मधला उत्तम. मधला जयाला दिला. चार घास होता.

९ मे
रेशनच्या तांदळातले खडे निवडायला दीड तास. बायका हेच काम गप्पा मारत करतात, म्हणून त्यांना दिवस पुरत नाही. मी एकाग्रतेने केलं. तरी जयाच्या दाताखाली खडा आला. तांदूळच कडक असावा.
दुपारी जया खेळायला जाते. मी तेवढा वेळ डोळे मिटून प्लॅनिंग करतो.

१६ मे, सोमवार. सकाळी
नवा नियम. सोमवार-गुरुवार घरात उपास. देवधर्म होतो, धान्य वाचतं.
संध्याकाळी
साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, तूप. आजच्या एका उपासात चार दिवसांची कुळथाची पिठी झाली असती. नियम स्थगित. देवाला आमची परिस्थिती माहीत आहे.

२० मे
झकास कल्पना सुचली. गावी आई मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करायची. बोंबील, सुकट, खारे बांगडे डबे भरून ठेवायची आणि चार महिने बाजाराचं तोंड बघायची नाही. अंडं एका दिवसात संपतं. बोंबील पावसाळाभर पुरतो. शिवाय बोंबलात ताकद जास्त. कुठेतरी वाचलंय. वाचलं नसलं तरी खरं आहे.

२२ मे, रविवार
मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून पोतं भरून बोंबील आणले. बरणी रिकामी. कंडक्टरने पोत्याच्या वासावरून हुज्जत घातली. मीच बसमधून उतरलो आणि वाकोल्याला घरापर्यंत चालत आलो. असल्या माणसाच्या तोंडी कोण लागणार.
विकणारी मावशी चारदा बजावत होती, घरी नेऊन चार कडक उन्हं दाखव, मगच डब्यात भर. मला शिकवते!

२४ मे
चाळीमागे खाटेवर बोंबील पसरले. कावळे येतात म्हणून काठी घेऊन बसलो. पाच मिनिटांत कोपऱ्यातल्या खोलीतली वनमाला नळावरून ओरडली, काय भावोजी, मिलमधून कावळ्यांवर बदली झाली वाटतं? सगळा नळ हसला. मी उठलो, बोंबील गोळा केले आणि पत्र्याच्या डब्यात दाबून भरले. झाकण घट्ट. हवाच गेली नाही तर माल खराब कसा होईल? हे सायन्स आहे.
रात्री सुलक्षणाने विचारलं, उन्हं दाखवणार ना? म्हटलं, रोज एक.

३ जून
आज दुपारी जयाला खेळायला सोडलं नाही, खडे निवडायला बसवलं. थोड्या वेळाने शेजारच्या मीराबाईंनी, म्हणजे भीमराजच्या बायकोने, वाटीभर अंड्याचं कालवण पाठवलं. मी वाटी तशीच परत केली. आम्ही कुणाकडचं घेत नाही. त्यांच्याकडचं तर नाहीच. कारण लिहायची गरज नाही, डायरी माझीच आहे.
जया वाटी दारातून जाईपर्यंत बघत होती. तिला स्वाभिमान शिकवायला हवा.

१६ जून
बेगमीचं उद्घाटन. डबा उघडला. डब्यात हालचाल आहे.
वरचे टाकले. मधले जरा बरे होते. गरम पाण्यातून काढून भाजले आणि वाढले. सुलक्षणाने ताट बाजूला सारलं. उन्हं किती दाखवलीत, एवढंच विचारलं. जया म्हणाली, भूक नाही. माझ्या कष्टांची कुणाला किंमत नाही. मी सगळे खाल्ले.

१७ जून
पोट. दिवसभर पोट.
स्टोचा दोष नाही, हे मान्य.

१८ जून
डबा नाल्यात रिकामा केला. बोंबील फुकट गेले असं म्हणता येणार नाही. अनुभव मिळाला. अंड्यांचं जयाला आधीच सांगितलंय, कुणी विचारलं तर रोज खाते म्हणायचं. ती लगेच हो म्हणाली. गुणी मुलगी.

२४ जून
वजन बावीस किलो! एकवीस मागितलं होतं, मी बावीस दिलं. पिठी, भात आणि प्लॅनिंग. सुलक्षणाला सांगितलं. ती म्हणाली, बरं.
पुस्तिका लिहायचं ठरवलं आहे. नाव, ‘संपकाळातील सकस आहार’. युनियनच्या ऑफिसात ठेवता येईल.

२७ जून
पुस्तिकेसाठी जयाला विचारलं, माझ्या हातचं नेमकं काय तुला मानवलं? म्हणाली, मीराकाकूंकडचं अंडं. रोज दुपारी. तुम्ही झोपता ना, तेव्हा. चार मेपासून जाते. पैसे आई देते.
चार मे. म्हणजे मला कारभार देऊन दोन दिवस झाले होते.
सुलक्षणा ओव्हरटाइम करून आली. मी आवाज चढवला. मग ती बरणी कशाला होती? ती पाय धूत होती. मान वर न करता म्हणाली, चेडवाक अंडा होया होता, तुमका काम होया होता. दोघांची सोय केलंय. म्हणजे पोरीला अंडं, मला काम!
मी जेवलो नाही.

२८ जून. दुपारी
जया उद्यापासून येणार नाही, हे ठणकावून सांगायला मीराबाईंकडे गेलो. जया जेवत होती. मीराबाई म्हणाल्या, बसा भाऊजी. कालपासून पोटात काही नव्हतं. बसलो. दोन भाकऱ्या, कालवण, अख्खं अंडं. मीठ बरोबर होतं.
जेवून ताट पुढे सरकवलं. जया म्हणाली, बाबा, इथे आपलं ताट आपण धुवायचं असतं. धुतलं.
निघताना म्हटलं, आजचे पैसे देईन. मीराबाई म्हणाल्या, राहू द्या. तुमचेही महिन्याचे सुलक्षणाताई सकाळीच देऊन गेल्यात.