न दळलेल्या दगडांची व्यवस्था

मी, स्तामेना ग्वोझ्देनोविच, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त भूरसायनतज्ज्ञ, राहणार चायेतिना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते आणि दाराला आतून कडी लावून लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. तसा ज्यांचा बेत होता त्यांनी हे वाचून स्वस्थ बसावे.

१. राहते घर, आलुबुखाराची बाग व बँकेत उरेल ते माझी मुलगी ग्रोझ्दाना हिला. तळघरातला माल मात्र तिला नाही. परवा ती जावयाला म्हणत होती, "आई गेली की ते दगड अंगणात अंथरू, चिखल तरी होणार नाही." ग्रोझ्दाने, मी झोपले नव्हते.

२. रकियाची, म्हणजे आलुबुखाराच्या दारूची, भट्टी जावयाला. त्याचा तिच्यावर डोळा आहेच.

३. तळघरातील काळे दगड मी स्वतः झ्लातिबोर डोंगराच्या उतारांवरून फोडून आणले. प्रत्येकाचा अर्धा भाग दळून तपासला, अर्धा तसाच ठेवला. कारण पुडीवर विश्वास ठेवायचा तर दळणाऱ्यावरही ठेवावा लागतो. हा एका नाहीशा झालेल्या समुद्रातला लाव्हा. तो समुद्र तेव्हा रुंदावत होता, की त्याचा तळ दुसऱ्या तळाखाली बुडत होता? बुडत असेल तर लाव्ह्यात टँटलम आणि नायोबियम फार कमी सापडतं. माझ्या दगडांत कमीच सापडलं.

प्रोफेसर विदोसाव रायकोविच यांच्या पुडीत टँटलम भरपूर निघालं. म्हणून पाठ्यपुस्तकात रुंदावणारा समुद्र छापला गेला आणि माझा निबंध कपाटात गेला. त्यांनी दळण टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात केलं होतं, आणि त्या धातूत थोडं टँटलम मिसळलेलं असतं. त्या भांड्यातलंच टँटलम झिजून पुडीत उतरतं, हे आज विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. तेव्हा विदोसावला ठाऊक होतं की नव्हतं? वीस वर्षं मी याच प्रश्नावर कूस बदलते आहे.

विदोसाव आमच्या लग्नाचा कूम, म्हणजे रक्ताच्या भावाहून जवळचा साक्षीदार. त्याच्यावर फिर्याद करणं आमच्यात पाप. शिवाय घरच्या संताच्या सणाला, स्लावाला, बोलावणं लागत नाही आणि आलेल्याला परतवता येत नाही. याचा फायदा घेऊन तो कालही आला. मी आधी तळघराची किल्ली खिशात टाकली.

"किल्ली कशाला लपवतेस गं? मी काय चोर आहे?"

"चोराला निदान दगड नको असतात."

"तू सोयीच्या उतारावरचे दगड वेचलेस, स्तामेना. तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो."

"आणि तू सोयीचं भांडं!"

"अगं बाई, मला भांड्याचं कळलंच नव्हतं! मिलुतिनची शपथ."

"माझ्या मेलेल्या नवऱ्याची का घेतोस? स्वतःची घे की!"

ग्रोझ्दाना मध्ये पडली, "अहो, सणाच्या दिवशी तरी पुरे करा! सूप निवतंय."

त्याने सूप प्यायलं, वर आणखी मागितलं. निर्लज्ज मेला! जाताना दारात थांबून म्हणाला, "तू गेलीस की मी भांडू कुणाशी?" मला गलबलून आलं. लगेच शंका आली, की गलबलावं म्हणूनच म्हणाला.

४. हे दगड कुणाला द्यावेत? विद्यापीठात सगळे त्याचे विद्यार्थी. माझ्या बाजूची माणसं प्रेमापोटी माझं खरं मानतील आणि तपासणारच नाहीत. सबब सर्व दगड मी विदोसाव रायकोविच यांना देते. ग्रोझ्दाने, चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस. माझ्यावर इतका मनापासून संशय घेणारा दुसरा माणूस या देशात नाही.

अट अशी: कोणते दगड, कोणत्या उतारावरचे, ते त्याने ठरवावे. दळण मात्र अकीकाच्या खलातच, कारण त्यात टँटलम नसतं, आणि दळताना ग्रोझ्दाना समोर हवी. निकाल माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणात त्यानेच उभं राहून सर्वांना वाचून दाखवावा.

विदोसाव, मी चुकलेली निघाले तर मोठ्याने वाच, माझी भीड धरू नकोस. बरोबर निघाले, तर तुला भांड्याचं खरंच ठाऊक नव्हतं, असं मी आजच मानते. मागाहून सांगायला मी असणार नाही.

सही: स्तामेना ग्वोझ्देनोविच

साक्षीदार (दोघांनी आपापलं पेन आणलं आहे):
नेगोस्लाव पेत्रोनियेविच, शिक्षक
कोसारा तादिच, परिचारिका

चायेतिना, मित्रोवदानचा, म्हणजे आमच्या स्लावाचा, दुसरा दिवस, ९ नोव्हेंबर २००३