करडीचा कौल

१७ फेब्रुवारी, मुळगाव
वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक आले होते. शेडमध्ये सगळ्या जुन्या गाड्या दाखवल्या. काळी, लांबडी, दोघी हिरव्या बहिणी, टपवाली. आम्ही दान दिल्या की ते लिलाव करणार, त्यातून आजारी म्हाताऱ्यांसाठी खोल्या. आम्हाला मूलबाळ नाही, आमच्यामागे ह्यांना कोण पुसणार? बरं वाटलं. शेवटी ते करडीपाशी थांबले. "आणि ही?" म्हटलं, बघू. बायकोनं चहाचे कप उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं.
संध्याकाळी ती देवळात. उशिरा आली.

१८ फेब्रु.
पदेराकडून पाव घेऊन आत आली ती बोलतच. "सहाय देवन टाका. एक मागे ठेवल्यात तर तां दान कसला, ती वाटणी."
बांद्याचं माहेर, बोलणं तोडून. म्हटलं, तुझ्यासाठीच ठेवतोय. "माका कित्याक? माका खंय चलवक येता?"
दुपारी मात्र रोजच्यासारखी करडीच्या मागच्या सीटवर बसून वाल सोलत होती.

२० फेब्रु.
करडी पुसली. बॅटरी ठीक. डावा दरवाजा अजून आपटावा लागतो.
गोवा मुक्तीनंतर तिसऱ्या वर्षी घेतली, सुर्ल्याला खनिजाचे ट्रक चालवत होतो तेव्हा. लग्नात हिला बांद्याहून तिच्यातूनच आणली. पत्रादेवीची हद्द ओलांडली आणि भोंगा अडकला, तो थेट फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत. गावोगाव लोक दारात. मी घामाघूम, वायर ओढतोय तर जास्तच बोंबलतो. आणि नवी नवरी पदर तोंडात कोंबून हसतेय. तोवर हिचा आवाजही ऐकला नव्हता.
बाकीच्या पाच हौसेनं जमवल्या. ही घरची. हिच्यावर कोणी नंबर चिकटवून बोली पुकारणार? नाही सोसवत.

२२ फेब्रु.
हिला सांगून एकटाच सातेरीच्या देवळात जाऊन कौल लावला. भटांनी देवीला दोन बाजूंना पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विचारलं, करडी दानात द्यायची का? डोळे मिटायच्या आत उजवी खाली. लोक तास तास बसतात, आणि मलाच एवढी घाई!
घरी हिनं विचारलं, "खंयची पडली?"
"डावी."
तोंडातून निघूनच गेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत देवीच्या नावावर पहिलं खोटं. जेवण गेलं नाही.

२३ फेब्रु.
आश्रमाला फोन. पाचच देतो म्हटलं. व्यवस्थापकांनी उलट आभारच मानले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ फेब्रु.
ही दोन दिवस फार गोड बोलतेय. लक्षण बरं नव्हतंच.
आज करडीत वाल सोलता सोलता, वर न बघता, "ते आश्रमवाले इले त्याच सांजेक मी देवीक इचारलंय. माका उजवी दिल्यान."
ती सोलतेय.
"माका उजवी, तुमका डावी. देवीचाच कायतरी चुकला असतला."
खाली मान घालून म्हटलं, मलाही उजवीच. तिला ठाऊकच होतं. मग विचारलं, तू कशाला गेली होतीस कौल लावायला?
तिनं मांडीवरची टरफलं झाडली. "माका वाटला, देवी नको म्हणतली."
म्हणजे हिलाही... आणि मी इतके दिवस हिचं नाव पुढे करून माझंच रडगाणं गातोय, आणि ही देवीनं सांगितलं म्हणून मुकाट्यानं सहाही द्या म्हणतेय.
दोघांनी मिळून वाल सोलले. निम्मे खाली सांडले.

२७ फेब्रु.
उद्या दहाला आश्रमाची माणसं येणार. पाच किल्ल्या पाकिटात घालून ठेवल्या. सहावी माझ्या खिशात.
सकाळी म्हटलं, देवळात जाऊन खरं सांगून येतो. बाहेर आलो तर ही नारळ घेऊन करडीत. पुढच्या सीटवर! इतक्या वर्षांत कधी पुढे बसली नाही.
"देवीक खरा सांगा," म्हणाली. "आणि मगे परत एकदा इचारूया. दोघांनी मिळान."
म्हटलं, एकदा सांगितलंय ना तिनं? दोनदा सांगितलंय.
"म्हातारी आसा ती पण. इसारली असात."
चष्मा घ्यायला आत आलो, तेवढ्यात हे लिहितोय. बाहेर भोंगा वाजवतेय.