मोठी मरळ

सक्करदरा, नागपूर
१८ जानेवारी २०२५

चि. सुशील,

आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे. घसा बसलाय, पण तो थंडीने. भाषणांनी तो कधी बसला नाही, हे तुला ठाऊक आहे. आईही बरी म्हणायची. हाताची बोटं तेवढी बधिर झाली आहेत. परवा जाळं विणताना सुई बोटात रुतली आणि रक्त दिसेपर्यंत तिला कळलं नाही. "बोटं झोपून राहिली वं," म्हणून हसली. मला हसू आलं नाही.

हर्षाला सहावा लागला. आपल्या ढिवरांच्या घरात पोटुशी सुनेला तळ्यातली सगळ्यात मोठी मरळ द्यायची रीत. बाबा लहान मासे जाळ्यातून परत सोडायचे आणि मोठी मरळ स्वतः त्या घरी पोहोचवायचे. आई अजूनही दर रविवारी पारशिवनीच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती तुमच्यासाठी डबा देते.

गेल्या रविवारी तुझा ड्रायव्हर सुटीवर आणि तू दौऱ्यावर, म्हणून बसवरून डबा घेऊन मीच रामदासपेठेत तुमच्या घरी गेले. हर्षाने तो हातात घेतला आणि उघडूनही न पाहता भांडी घासणाऱ्या तुळसाबाईंना देऊन टाकला. त्या खूश. "आमच्या प्रीतीलेबी सातवा लागला जी. माहेरी आली तशी दर रविवारी वाट पाहून राहते पोरगी." आणि निघाल्या.

मी हर्षाला म्हटलं, "अगं, आईने तुझ्यासाठी पाठवलीय ती."

"ताई, हे नको म्हणतात. मोठी तर मुळीच नको."

"मोठी काहून नको?"

"मोठीत जास्त साठतो म्हणे. पारा." एवढं बोलून तिने जीभ चावली.

मी जिन्यावरून धावले आणि तुळसाबाईंच्या हातून डबा ओढून घेतला. त्यांना वाटलं, बाईला मासोळीचा लोभ सुटला. मी खरं सांगितलं तर म्हणाल्या, "सायबाच्या घरचं हाय म्हून पोरीले दिलं. खराब असतं त त्यायनं देल्लं असतं का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ते तुझं नाव होतं. ते घेताना मला लाज वाटली.

सुशील, तुमच्या वीजकेंद्राला राखेचं तळं वाढवायचं आहे. गुरुवारी गावात जनसुनावणी आहे आणि पर्यावरण अधिकारी म्हणून तू अहवाल वाचणार आहेस. मी तो वाचलाय. 'गावतळ्याचे पाणी विहित मर्यादेत आहे.' असेलही! पण तळ्यातलं पाणी पिऊन कोण जगतं? तुमच्या कोळशाच्या राखेतून पाण्यात उतरलेला कणभर पारा शेवाळात जातो. किडे शेवाळ खातात, चिंगळ्या किडे खातात, मरळ वर्षानुवर्षं चिंगळ्या खाते. अन्न पचतं, पारा अंगातच राहतो. पायरीपायरीने वाढत जातो आणि सगळ्यात वरच्या पायरीवर तळ्यातला सगळ्यात मोठा मासा असतो. त्याच्याही वर आपली आई बसलीय, ताट घेऊन. तू मर्यादा पाण्याला लावलीस, मरळीला का नाही लावलीस?

बाभळीवरच्या पाणकावळ्यांच्या घरट्यांत यंदा अंडी होती, पिल्लं झाली नाहीत. ओढ्यावरचं पाणमांजर गावात कोणी पाहिलेलं नाही, कधीपासून ते आठवतही नाही. हे सारे मासे खाऊन जगणारे. त्यांना ना अहवाल वाचता येतो, ना नवरा फोन करून सांगतो की आज खाऊ नको.

आता ते लिहिते, जे लिहायचं टाळत इथवर आले.

हर्षाने रडत रडत सगळं सांगितलं. दिवाळीच्या सुमारास तू आईच्या डब्यातला अर्धा मासा बाहेरच्या लॅबमध्ये नेलास. आकडा आला. त्या दिवशी तू फ्रिज रिकामा केलास. स्वतःच्या बायकोला वाचवलंस, चांगलं केलंस. नंतर तुला एक फोन करायचा होता. आपल्या आईला! तो तू केला नाहीस, कारण आईला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळणार होतं. दिवाळीपासून ती तेच ताट जेवते आहे, सुशील. आणि तिची बोटं झोपली आहेत. ती कशाने झोपली, ते डॉक्टर सांगतील. पाऱ्यानेही बोटं अशीच बधिर होतात; तू मात्र ती शक्यता माहीत असून गप्प राहिलास.

मी तिला हात जोडून सांगितलं, मासोळी सोड. तर म्हणते, "तू त भाषण करून राहिली. सुशील सांगन त सोडीन. तो त्याच लायनीचा हाय." गावही तेच म्हणतं. पंचवीस वर्षं मी सभा गाजवल्या आणि माझ्या शब्दाने एका म्हातारीचा घास थांबत नाही. तुझ्या शब्दाने गाव थांबेल. म्हणून तर तुझ्या मालकांनी तुला, ढिवराच्या पोराला, त्या खुर्चीत बसवलंय. एवढंही तुला कळू नये?

नोकरी जाईल, घराचे हप्ते आहेत, मूल येतंय. सगळं मान्य. प्रीतीलाही मूल येतंय.

गुरुवारी मी मांडवात असेन, पण बोलणार नाही. तुझे साहेब खूश होतील. बोलणार आहे ती आई. तिला एवढंच माहीत आहे की तिचा मुलगा स्टेजवर बसणार आहे. तिने तळ्यातली सगळ्यात मोठी मरळ राखून ठेवलीय. ती स्वतः रांधून आणेल, अहवाल वाचून झाला की पायऱ्या चढून येईल, झोपलेल्या बोटांनी डबा उघडेल आणि सगळ्या गावासमोर म्हणेल, "खाय गा बाबू."

मी तिला अडवणार नाही.

तेव्हा खा. नाहीतर माईक तुझ्यासमोर असेल, का खात नाहीस ते सांग.

पहिल्या रांगेत तुझ्या हाताकडे पाहत बसलेली,
तुझी ताई
कामिनी