फाइल पिल्लूने हलवली नव्हती

धाकट्या वन्सं,

पिल्लूला लस टोचायला घेऊन चाललेय. तोंडावर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून लिहितेय.

परवा दुपारी तो झोपल्यावर मी तुझ्या लॅपटॉपवर पायथनचा सराव करत होते. तुझं तारखा मोजणारं मॉड्यूल, म्हणजे ती छोटी फाइल, माझ्या प्रोग्रामला काही केल्या सापडेना. तू शंभरदा सांगितलंयस, "वहिनी, मॉड्यूल प्रोग्रामच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेव." ठेवलं गं, पण कॉपी न करता तुझ्या कामाच्या फोल्डरमधून उचलूनच आणलं. माझं इम्पोर्ट चाललं, प्रोग्रामला मॉड्यूल सापडलं, मी हरखले, आणि काल तुझा प्रोग्राम मीटिंगमध्ये साहेबांसमोर बंद पडला.

तू चिडून म्हणालीस, "हे आपल्या बारक्याचेच प्रताप!" आणि मी, त्याची सख्खी आई, दुधाची बाटली हलवत राहिले. वर हसलेसुद्धा.

आत्ता तू बाहेर गेलीस तेवढ्यात फाइल जागेवर ठेवलीय, प्रोग्राम चालवून पाहिलाय. माझ्याशी हवं तर आठवडाभर बोलू नकोस. पण त्याला तुझ्या खोलीत येऊ दे. कालपासून बंद दाराला गाल लावून "आत्या, आत्या" करतोय.

— वहिनी